पाठ टेकून घेतलेली गाडी

गादीवाल्याची मुलगी म्हणजे मऊ अंथरुणावर वाढलेली, असा लोकांचा समज असतो. लोकांना समज करून घ्यायला काय जाते! गादीवाल्याकडे जे मऊ असते ते दुकानात असते, विकायला. घरात येते ती नापास झालेली गादी, एका कोपऱ्यात गोळा झालेली नाहीतर मधोमध बसलेली. घरात सगळे जिला धाकटी म्हणत ती अशाच गाद्यांवर वाढली. त्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, बसल्या जागी झोप न लागणारी त्या घरात ती एकटीच निपजली होती.

बाकीच्यांचे विचारूच नका. आईला भांडी घासता घासता डुलकी लागे. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, दुकानाच्या गल्ल्यावर बसून घोरे आणि झोपेतच सुटे पैसे बरोबर परत करी. बाबांची तऱ्हा तर न्यारीच होती. त्यांच्या खाली चाक फिरले की त्यांच्या पापण्या मिटल्याच म्हणून समजा. एकदा पाय मुरगळला म्हणून इस्पितळात त्यांना चाकाच्या खुर्चीतून फोटो काढायला नेले, तर खोलीत पोचेपर्यंत ते डाराडूर. डॉक्टर धावत आले, नर्स धावत आल्या, नाडी बघितली. आई म्हणाली, "अहो, खुर्ची थांबवा म्हणजे उठतील." खुर्ची थांबली, बाबा उठले.

दुकानात एक नियम होता आणि तो दारावर पाटी लावून लिहिलेला होता: पाठ टेका, मग बोला. गिऱ्हाईक आले की बाबा त्याला बूट काढायला लावत, गादीवर आडवे करत, पडदा ओढत आणि पाव तास त्याच्याशी कोणाला बोलू देत नसत. गिऱ्हाइकाचा डोळा लागला की गादी त्याची. नाही लागला तर कितीही पैसे पुढे केले तरी गादी मिळायची नाही. एक नवरा-बायको भर दुपारी गादी बघायला आले ते दिवेलागणीला उठले आणि जाताना दोन गाद्या घेऊन गेले. बाबा हा किस्सा सांगायला लागले की घरातले सगळे आपापल्या कामाला निघून जात.

हा नियम दुकानापुरता राहिला असता तर एक वेळ चालले असते. पण माणसाला एकदा आपल्या धंद्याची अक्कल आली की ती तो जगभर वापरतो. या घरात जेवणाच्या खुर्च्यासुद्धा सगळ्यांनी त्यांवर एक एक डुलकी काढल्यावरच आल्या होत्या. बाबांनी दातांचा डॉक्टरही खुर्ची बघून निवडला होता. तो दात वाईट काढतो ही गोष्ट त्यांना गौण वाटे.

आता अशा घरात गाडी घ्यायची होती.

झाले असे की धाकटीला नोकरी लागली. गुरांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, गावाबाहेर त्यांचा दवाखाना होता आणि आसपासच्या सगळ्या गोठ्यांवर त्या फिरत असत. त्यांना मदतनीस हवी होती. धाकटीने त्याचे शिक्षण घेतले होते, जनावरांचे तिला लहानपणापासून वेड होते आणि गादीच्या दुकानात आयुष्य काढायचे नाही हे तिने फार पूर्वीच ठरवले होते. मुलाखतीत डॉक्टरीणबाईंनी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे, "एक माणूस गाईच्या तोंडाशी लागतो आणि एक दुसऱ्या टोकाशी. तू कुठल्या टोकाशी असशील ते पहिल्याच दिवशी कळेल." दुसरी म्हणजे, "सोमवारी सकाळी स्वतःची गाडी घेऊन फाटकाशी हजर व्हायचं. मी कुणाला घ्यायला येत नाही. बस चुकली हे कारण मला चालेल, गाईला चालत नाही. गाडी असलेला एक मुलगा विचारून गेलाय, हेही सांगून ठेवते."

धाकटीला गाडी चालवण्याचा परवाना तिसऱ्या खेपेला मिळाला होता. पहिल्या खेपेला तिने गाडी मागे घेताना परीक्षकांची छत्री चिरडली, दुसऱ्या खेपेला त्यांना बघूनच तिचे पाय लटपटले. मग तिने दुकानाच्या टेंपोवर चिकाटीने सराव केला. रोज संध्याकाळी दुकान बंद झाले की बाबा तिच्या शेजारी बसत, "हळू हं" म्हणत, आणि कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत त्यांची हनुवटी छातीला टेकलेली असे. परत येऊन टेंपो थांबला की ते डोळे उघडून म्हणत, "बरी चालवलीस."

शनिवारी सकाळी दुकान बंद ठेवून सगळे घर जुन्या गाड्यांच्या आवारात गेले. नवी गाडी परवडणारी नव्हती. धाकटीची थोडी साठवण होती, उरलेले बाबा घालणार होते, आणि म्हणून बाबांची पाठ, तिच्याबरोबर आईची पाठ आणि आत्याची पाठ अशा तीन पाठी पसंतीसाठी निघाल्या. तिघांच्याही काखेत आपापली उशी होती. परक्या उशीवर कुठल्याही बैठकीची खरी परीक्षा होत नाही, असे बाबांचे मत होते.

"बाबा, उशा कशाला?" धाकटी बसस्टॉपवर कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू देत," बाबा म्हणाले. "मला गाडीतलं काही कळत नाही, ते मी मान्य करतो. पण बैठकीतलं कळतं. ज्यातलं कळतं ते बघावं माणसानं."

ऐकायला हे फार शहाणपणाचे वाटते. उंटावरच्या शहाण्याचे बोलणेही खालून शहाणपणाचेच वाटत असणार.

आवाराचा मालक पत्र्याच्या छपराखाली, सावलीत, काळा गॉगल लावून बसला होता. धाकटीने मनातल्या मनात त्याला गॉगल असेच नाव देऊन टाकले. तीन उशा बघून तो जरा बावरला, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. "या काका, या. मॅडमसाठी बघायची का? पहिलीच गाडी? मग ही पांढरी बघा. एकाच माणसाची, अगदी हात राखून वापरलेली."

धाकटीने तयारी केली होती. गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडून तिने काय काय बघायचे ते नीट विचारून घेतले होते. ती पांढऱ्या गाडीचे चारही टायर बघत फिरली, बॉनेट उघडून तेलाची काडी काढून पुसून पुन्हा बुडवून बघितली, खाली वाकून गंज शोधला. तेवढ्यात बाबांनी चालकाची सीट मागे पाडली, बूट काढून दारापाशी जोडीने ठेवले, डोक्याखाली उशी घेतली आणि हात पोटावर ठेवून डोळे मिटले.

"काकांना काही होतंय का?" गॉगलने घाबरून विचारले.

"बघतायत ते," आई म्हणाली. "पाव तास लागेल."

पाव तास कसला, बाबा लगेचच उठून बसले. "खड्डा आहे," ते म्हणाले. "डाव्या अंगाला. ही गाडी चालवणारा माणूस चांगला वजनदार होता आणि त्याला डाव्या बाजूला रेलून बसायची सवय होती. पोटाचं दुखणं असणार बिचाऱ्याला. बरोबर की नाही?"

"नाही हो," गॉगल म्हणाला. "शाळेतल्या एक बाई होत्या. काडीसारख्या. बारा वर्षं चालवली त्यांनी."

"मग त्यांना पोटाचं दुखणं होतं," बाबा म्हणाले. आपले चुकले असे म्हणण्याची पद्धत त्या घरात नव्हती.

पांढरी गेली. मग एक निळी होती, तिची सीट आत्याला कमरेत टोचली. एक करडी होती, तिच्यात आईला झोप लागली पण वाईट स्वप्न पडले, म्हणून तीही बाद. एका लाल गाडीचे इंजिन धाकटीला फार आवडले, पण बाबा आत आडवे होऊन म्हणाले, "फोम हलका आहे, दोन वर्षांत बसेल," आणि उशी घेऊन बाहेर आले. धाकटी मनात सोमवारचा हिशेब करायला लागली होती. फाटकाशी आपण बसमधून उतरतोय आणि तो गाडीवाला मुलगा गाईच्या तोंडाशी उभा आहे, हे तिला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होते.

आणि मग सापडली ती तपकिरी.

तपकिरी गाडी आवाराच्या मागच्या बाजूला उभी होती आणि ती एवढी लांब होती की तिचे तोंड सावलीत आणि शेपूट उन्हात होते. कधीकाळी कोणा बड्या साहेबाची असावी. आतल्या सीटा मखमली, जाड, हाताने दाबले तर हात मनगटापर्यंत आत. बाबांनी दार उघडले, सीटवर तळवा ठेवला आणि त्यांचा चेहरा पालटला.  पुढे बाबा, मागे आई आणि आत्या, तिघेही आत शिरले आणि दारे लागली.

गॉगलने पोऱ्याला हाक न मारता स्वतःच जाऊन सगळ्यांसाठी चहा आणला. येऊन बघतो तो काय, तिघांची तोंडे उघडी, माना तीन दिशांना. त्याच्या हातातला चहा सांडला. "अहो मॅडम! गॅस-बिस झाला की काय आत!" त्याने धडाधड चारही दारे उघडली, काका म्हणून हाका मारल्या, मावशी म्हणून हाका मारल्या. शेवटी त्याने गॉगल काढला आणि तो आत्याच्या नाकासमोर धरला. त्यावर वाफ जमली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

"पसंत आहे," धाकटी थंडपणे म्हणाली. "त्यांना पसंत आहे, एवढाच याचा अर्थ."

बाबांना जागे करून पलीकडच्या सीटवर सरकवावे लागले, कारण गाडी चालवून बघायची होती. धाकटी चालकाच्या जागी बसली आणि सीटने तिला गिळले. तिची हनुवटी स्टीअरिंगला लागली. समोर बॉनेट दूरवर पसरले होते आणि त्याचा शेवट कुठे होतो हे फक्त समोरून येणाऱ्यांना कळत होते. फाटकातून बाहेर पडताना तिने एका कुंडीला ढकलले. रस्त्यावर आल्या आल्या बाबांची हनुवटी छातीला टेकली, मागे आईचे डोके आत्याच्या खांद्यावर गेले. कुंडी कुठली आणि रस्ता कुठला, सांगायला कोणी नव्हते. पेट्रोलचा काटा तर डोळ्यांदेखत खाली येत होता.

पहिल्या सिग्नलला लाल दिवा लागला. ऊन काचेतून मांडीवर पडले होते. मखमल ऊबदार होती. तीन माणसे एका लयीत श्वास घेत होती, आत, बाहेर, आत, बाहेर.

मागून एकदम इतके हॉर्न वाजले की ती दचकून सरळ झाली. दिवा हिरवा होता. तो कधीपासून हिरवा होता ते तिला माहीत नव्हते. जिला जन्मात कधी बसल्या जागी झोप लागली नाही, तिला लागली होती, आणि तीही स्टीअरिंग हातात असताना.  पुढच्याच वळणावरून तिने गाडी फिरवली, फिरवताना दोनदा मागेपुढे केली, आणि दात आवळून आवारात परत आणली.

गाडी थांबली तसे बाबा उठले. "बरी चालवलीस," ते म्हणाले. "हीच घ्यायची. अगं, झोप लागली! आणखी काय पाहिजे माणसाला?"

"बाबा," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की गॉगल छपराखाली उठून उभा राहिला, "मला गाडीत झोपायचं नाहीये. चालवायचीये! मला आत्ता सिग्नलला झोप लागली. कळतंय का? मी झोपले! आणि तुम्ही तिघं आत होता!"

आईने तोंडावर हात ठेवला. बाबा मखमलीवरून हात तेवढा फिरवत राहिले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

धाकटी रागारागाने आवारात चालत गेली आणि भिंतीजवळ तिला ती छोटी गाडी दिसली. खोकल्याच्या औषधाच्या रंगाची. पाण्याचे पिंप आणि भिंत यांच्यामध्ये कशीबशी उभी केलेली. गॉगल मागोमाग आला, पण जरा ओशाळला होता. "ती राहू द्या मॅडम. इंजिन झकास आहे, टायर नवे आहेत, पेट्रोलच्या तर नुसत्या वासावर चालते म्हणा ना. पण सीट... गाडी एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याची होती. पुढच्या दोन्ही सीटा फाटल्या तर त्याने स्वतःच फळी मारून त्यावर कापड चढवलंय. दोन वेळा विकली मी, दोन्ही वेळा परत आली."

धाकटीने टायर बघितले. तेलाची काडी बघितली. गंज शोधला, सापडला नाही. गाडी तिने पिंपाला न लागता बाहेर काढली, आवारात एक फेरी मारली आणि पहिल्याच प्रयत्नात होती तशी परत पिंप आणि भिंत यांच्यामध्ये घातली. चारही कोपरे तिला बसल्या जागेवरून दिसत होते. किंमत गॉगलने सांगितली ती ऐकून तिने आनंदाने उडी मारली नाही एवढेच. कोणी तरी पाठीत धपाटा घालून सरळ बसवावे तशी ती त्या सीटवर बसली होती, आणि आपण आता रडणार की काय असे तिला वाटले, इतकी तिला ती गाडी आवडली.

"हीच," ती म्हणाली.

बाबा उशी घेऊन आले. बूट काढले. सीट मागे पडतच नव्हती, म्हणून दुमडून, गुडघे वर करून, मान दारात घालून ते कसेबसे आडवे झाले आणि त्यांनी पुरता पाव तास काढला. आतून कण्हल्याचे आवाज आले. मग ते कमरेवर हात ठेवून बाहेर आले.

"नापास," ते म्हणाले. "हिच्यात डोळा लागत नाही. डोळा काय, पापणीसुद्धा लागत नाही. ही गाडी घरात येणार नाही. पुढच्या शनिवारी दुसरीकडे बघू."

"सोमवारी कामावर जायचंय मला!"

"सोमवार काय, दर आठवड्याला येतो."

इतका वेळ आत्या पिंपावर उशी ठेवून बसली होती. तिने डोळे उघडले. "अरे," ती बाबांना म्हणाली, "तुला गाडी नकोशी नाहीये. तुला सोमवार नकोसा आहे."

गॉगल आदबीने दोन पावले मागे सरकला. घरचे बोलणे सुरू झाले की शहाण्या दुकानदाराला ते कळते.

बाबांनी उशी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "हो," ते म्हणाले. "आहे नकोसा. काय चुकलं माझं? पोर एवढ्या लांब जाणार, तो मोठा रस्ता, त्याच्यावर ते ट्रक. तिचे पाय लटपटले म्हणून परीक्षा गेली होती की नाही? दुकानात असली की निदान डोळ्यांसमोर असते. मला रात्रभर, मला..."  रात्रभर झोप येत नाही असे म्हणायची त्यांच्यावर पहिलीच वेळ आली होती. "आठवडा झाला, माझ्या डोळ्याला डोळा नाही," ते शेवटी म्हणाले.

आईने मान हलवली. "खरं आहे. आणि ते जागे म्हणून मीही जागी."

धाकटीचा राग एकदम उतरला आणि त्यामुळे ती आणखीच चिडली, कारण रागवायला काही उरले नाही. "बाबा," ती म्हणाली, "टेंपोत तुम्ही माझ्या शेजारी किती वेळा बसलात?"

"रोज."

"आणि मला चालवताना कधी बघितलंत?"

  बाबांनी आईकडे बघितले, आई आभाळाकडे बघत होती.

"बसा," धाकटी म्हणाली आणि तिने खोकल्याच्या औषधाच्या रंगाचे ते दार उघडून धरले.

बाबा बसले. सवयीने त्यांनी उशी मानेमागे घेतली, "हळू हं" म्हणाले आणि हनुवटी छातीकडे न्यायला लागले. फळीने ती जाऊ दिली नाही. ते डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, एक मांडी वर घेऊन बघितली. या रस्त्याच्याही कोपऱ्यावरचा दिवा आला आणि गेला, आणि बाबा टक्क जागे होते. असे चालत्या गाडीत जागे राहून त्यांनी जग पाहिलेच नव्हते. किती झाडे होती रस्त्याला!

मग त्यांचे लक्ष तिच्याकडे गेले.

ती जिभेचे टोक दातांत धरून बसली होती. दर थोड्या वेळाने तिची नजर वरच्या आरशात जाई, मग बाजूच्या आरशात, मग पुन्हा पुढे, आणि हे ती करतेय हे तिला माहीतही नसावे. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन रस्त्याच्या कडेला घुटमळत होता. बाबांना तो दिसायच्या आधी तिने वेग कमी केला होता. म्हातारा गेला, कुत्रे मध्येच बसले, म्हाताऱ्याने त्याला उचलले, तोवर ती थांबून राहिली.

"हॉर्न का नाही वाजवलास?" बाबांनी विचारले.

"कुत्रं घाबरलं असतं."

मोठा रस्ता आला. ट्रक आले. बाबांनी दाराचे हँडल घट्ट धरले. चढावर, वाहनांच्या गर्दीत, गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. आता हिचे पाय लटपटणार, ते मनात म्हणाले. त्यांनी तिच्या पायांकडे बघितले. पाय ठिकाणावर होते. तिने हँडब्रेक ओढला, मागच्याला हाताने थांब म्हटले, "येतेय हो, येतेय," असे स्वतःशीच पुटपुटत किल्ली फिरवली आणि गाडी एक वीतही मागे न जाता पुढे गेली. तिच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा मुळीच घाबरलेला नव्हता. दुकानात बाबा स्वतः गादीची शेवटची शिवण घालताना असेच दिसत, पण ते त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

दवाखान्याच्या फाटकाशी डॉक्टरीणबाई कोपरापर्यंत हात धूत उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे बघितले. "आज शनिवार आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. बाबांना रस्ता दाखवायला आणलंय."

डॉक्टरीणबाईंनी वाकून आत बघितले. बाबा उशी कवटाळून, डोळे मोठे करून, ताठ बसले होते. "गाईला धरता येतं का हो तुम्हाला?" त्यांनी विचारले.

"नाही," बाबा म्हणाले. "पण हिला येतं. हिला सगळं येतं."

परतीच्या वाटेवर धाकटीने दोनदा त्यांच्याकडे चोरून बघितले, झोपले की काय म्हणून. दोन्ही वेळा ते तिच्याकडेच बघत होते आणि दोन्ही वेळा म्हणाले, "पुढे बघ, पुढे."

आवारात आई आणि आत्या तपकिरी गाडीत गाढ झोपल्या होत्या. गॉगल त्यांच्यावर नजर ठेवून बसला होता. बाबा उतरले, कमरेत वाकले, हळूहळू सरळ झाले आणि त्यांनी पैशांचे पाकीट काढले.

"कशी वाटली गाडी, काका?" गॉगलने विचारले.

"गाडीकडे माझं लक्षच नव्हतं," बाबा म्हणाले. मग त्यांना राहवेना. "अहो, काय चालवते हो माझी पोरगी! चढावर बंद पडली गाडी, मागे हा एवढा ट्रक, पण ही हलली नाही. आणि कुत्र्यासाठी थांबते! मी म्हणतो, असं कोणी थांबतं का?" ते गॉगलला चढाचा सगळा किस्सा सुरुवातीपासून सांगायला लागले आणि धाकटी लाजून टायर बघायला निघून गेली, जरी ती ते सगळे बघून चुकली होती.

व्यवहार झाला. किल्ली धाकटीच्या हातात आली. गॉगलला आता मनापासून चांगले वाटत होते, कारण ही गाडी तिसऱ्यांदा परत येणार नाही असे त्याला दिसत होते. "सीट तेवढी कडक आहे, काका," तो म्हणाला. "पण तुम्हाला काय, घरचाच धंदा. शेजारच्या सीटवर एक छानपैकी मऊ गादी करून टाका."

"खबरदार!" बाबा इतक्या जोरात ओरडले की तपकिरी गाडीत आत्या उठून बसली. "गादी अजिबात नको. मी बसणार आहे तिथं, सुट्टीच्या दिवशी, तिच्या शेजारी. मला जागं राहायचंय."